चुंबकीय उत्तेजनाची कॉइल कमी ऊर्जेत कशी चालवायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगडच्या किनारपट्टीतले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, फिजिओथेरपिस्ट, मोटर रिवाइंडिंगवाले आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून, कॉइलमधल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने नस किंवा मेंदू उत्तेजित करण्याच्या तंत्राबद्दल येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून सगळीकडे एकच नमुना कॉइल धरली आहे : इंडक्टन्स (प्रवाहाच्या बदलाला होणारा विरोध) १६ मायक्रोहेन्री, रोध १० मिलिओहम, सोबत १४२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज साठवून एकदम सोडणारा). बाजारातल्या कॉइल याच्याच आसपास असतात.

चुंबकीय उत्तेजन म्हणजे गुडघ्याला बांधायच्या चुंबकाच्या पट्ट्यांसारखंच काही का?

नाही. त्या पट्ट्यांतलं चुंबक स्थिर असतं, आणि स्थिर चुंबकीय क्षेत्राने नस उत्तेजित होत नाही. इथे कॉइलमधून काही हजार अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात चढतो आणि उतरतो. क्षेत्र इतक्या वेगाने बदललं की फॅरेडेने १८३१ साली दाखवलेल्या नियमाप्रमाणे शेजारच्या शरीरात विद्युत क्षेत्र तयार होतं, आणि नस पेटते ती या विद्युत क्षेत्राने. चुंबकीय क्षेत्राचं काम ते विद्युत क्षेत्र कातडी आणि हाडापलीकडे पोचवण्यापुरतंच. म्हणून सुई नाही, इलेक्ट्रोड नाही, आणि कातडीतल्या वेदनेच्या नसांना थेट विजेचा झटका बसत नाही.

फ्रान्सच्या दार्सोंवाल यांनी १८९६ मध्येच बदलत्या चुंबकीय क्षेत्रात डोकं धरलं की डोळ्यांपुढे प्रकाश चमकतो हे नोंदवलं होतं. हातापायाच्या नसा अशा रीतीने उत्तेजित करणं १९६५ मध्ये आणि पुढे १९८२ मध्ये जमलं. मेंदूसाठी हे तंत्र उभं केलं ते १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. नैराश्यावरच्या उपचाराला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली, ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डरवरच्या (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार) उपचाराला २०१८ साली.

एका झटक्यात ऊर्जा लागते तरी किती?

मेंदूच्या पृष्ठभागावर दर मीटरला साधारण १०० व्होल्टचं विद्युत क्षेत्र लागतं. आपल्या नमुना कॉइलमध्ये ५००० अँपिअर सोडले तर चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा (इंडक्टन्स गुणिले प्रवाहाचा वर्ग, भागिले दोन) २०० जूल होते. आंब्याचा वीस किलोचा क्रेट मीटरभर उचलायला जेवढी लागते, साधारण तेवढीच. फरक इतकाच की इथे ती ७५ मायक्रोसेकंदांत द्यायची असते, म्हणून कपॅसिटर १७०० व्होल्टच्या जवळ चार्ज करावा लागतो.

रोजच्या उपचारात इतकी ताकद क्वचित लागते. ३००० अँपिअरला हिशेब येतो ७२ जूल आणि साधारण १००० व्होल्ट. पुढची सगळी गणितं याच ३००० अँपिअरवर केली आहेत.

एवढी कमी वीज लागत असेल तर बिलात काय फरक पडणार? ऊर्जा वाचवायचा आटापिटा कशाला?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. बिलाचा इथे काही संबंध नाही. प्रश्न उष्णतेचा आहे, यंत्राच्या आकाराचा आहे, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे यंत्र तालुक्याच्या गावी चालू शकतं की नाही याचा आहे.

आधी उष्णता. एका पूर्ण लहरीचा काळ ३०० मायक्रोसेकंद धरा. १० मिलिओहमच्या कॉइलमध्ये प्रत्येक झटक्याला १३.५ जूल तांब्यातच जिरतात. नैराश्यावरच्या रूढ उपचारात एका बैठकीत ३००० झटके असतात : सेकंदाला दहा असे चार सेकंद, मग २६ सेकंद थांबा, असं साडेसदतीस मिनिटं. म्हणजे ४०,५०० जूल. कॉइलमध्ये अर्धा किलो तांबं असेल आणि ती थंड करायची काहीच सोय नसेल, तर तांबं २०० अंशांहून जास्त तापेल. वर तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. चाळीस अंशांनी तापलेली कॉइल त्याच झटक्याला सोळा टक्के जास्त उष्णता काढते, त्याने आणखी तापते.

आता हे कोकणात आणा. शरीराला टेकणारा भाग साधारण ४१ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, असा वैद्यकीय विद्युत उपकरणांचा दंडक आहे. युरोपातल्या प्रयोगशाळेत खोली २० अंशांवर असते, म्हणजे कॉइलला तापायला २१ अंशांची मुभा. मे महिन्यात लाईट गेलेली, एसी बंद, खोली ३४ अंशांवर : उरले सात अंश. यंत्र तेच, कॉइल तीच, पण मुभा एक तृतीयांश. माहितीपत्रकात लिहिलेले ‘इतके झटके सलग’ हे आकडे आपल्याकडे लागू पडत नाहीत ते यामुळे.

आणि अंतर. हा उपचार आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे चालतो. एकूण वीस ते तीस बैठका होतात. राजापूर किंवा देवगडच्या माणसाने त्यासाठी मुंबईत खोली घेऊन राहायचं, की रोज एसटीने कोल्हापूरला ये-जा करायची? नैराश्यात बुडालेल्या माणसाला आंघोळीला उठवताना घरच्यांची दमछाक होते, तिथे हा प्रवास होणार नाही. यंत्र जवळ असेल तरच उपचार पुरा होईल. ते जवळ यायचं तर ते लहान, कमी तापणारं, साध्या वीजजोडणीवर चालणारं आणि दुरुस्त करता येण्याजोगं हवं. या चारही गोष्टी कॉइलला किती जूल लागतात इथपासून सुरू होतात.

मग सुरुवात कुठून करायची? चांगला कपॅसिटर घेण्यापासून?

सुरुवात शरीराच्या बाजूने करायची. कोणती नस किंवा मेंदूचा कोणता भाग, तो कातडीखाली किती खोल, आणि विद्युत क्षेत्राची दिशा कोणती हवी, हे आधी ठरवा. मग कॉइलचा आकार. मग तार. कपॅसिटर आणि स्विच शेवटी. बहुतेक विद्यार्थी नेमका उलटा प्रवास करतात, कारण कपॅसिटर विकत मिळतो.

अंतराची किंमत पाहा. डोक्यावर कॉइल आणि मेंदू यांच्यातलं अंतर मिलिमीटरभर वाढलं की यंत्राच्या कमाल ताकदीच्या जवळपास तीन टक्के जास्त द्यावे लागतात. एखाद्या रुग्णाला ६० टक्के लागत असतील आणि कॉइलचं कव्हर एक मिलिमीटरने पातळ करता आलं, तर ५७ टक्क्यांत काम होईल. ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाने बदलते, म्हणून बचत जवळपास दहा टक्के. एका मिलिमीटर प्लॅस्टिकमध्ये दहा टक्के! पण तेच प्लॅस्टिक रुग्ण आणि हजार-दीड हजार व्होल्ट यांच्यात उभं आहे, ते मनाला येईल तसं तासता येत नाही. पोकळी न राहू देता नीट ओतलेलं इपॉक्सी आणि पातळ पण चांगल्या प्रतीचं इन्सुलेशन यांवर खर्च करायचा तो इथे.

वळसे वाढवले तर कमी प्रवाहात काम होईल ना? म्हणजे ऊर्जा वाचली.

प्रवाह कमी होईल, ऊर्जा तेवढीच राहील. वळसे दुप्पट केले की प्रवाह निम्मा पुरतो हे खरं. पण इंडक्टन्स वळशांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपट. चौपट गुणिले निम्म्याचा वर्ग : उत्तर पहिलंच. तेवढ्याच जागेत दुप्पट वळसे बसवायचे तर तार निम्म्या काटछेदाची आणि दुप्पट लांबीची, म्हणून रोधही चौपट, आणि उष्णताही पहिल्याइतकीच. वळशांची संख्या फक्त व्होल्टेज आणि प्रवाह यांचा जोड ठरवते, जेणेकरून हाताशी असलेला स्विच आणि कपॅसिटर वापरता यावा. ऊर्जा ठरते ती तांबं जागेत कसं पसरलंय त्यावरून.

गोल कॉइल बरी की आठच्या आकड्याची?

गोल कॉइलच्या मध्याखाली, तिच्या अक्षावर, विद्युत क्षेत्र शून्य असतं. ते सर्वांत जास्त असतं कड्याच्या खाली. हे माहीत नसल्याने अनेक जण कॉइलचा मध्य नसेवर धरतात आणि ताकद वाढवत बसतात. कड नसेवर आणा, निम्म्या ताकदीत बोट हलताना दिसेल.

आठच्या आकड्यात दोन गोल शेजारी असतात आणि मधल्या सांध्यात दोघांचा प्रवाह एकाच दिशेने जातो. तिथे दोन्ही क्षेत्रांची बेरीज होते. १९८८ मध्ये जपानच्या उएनो आणि सहकाऱ्यांनी हा आकार मांडला आणि आजही मेंदूसाठी तोच सर्वाधिक वापरात आहे. नेमकेपणासाठी तो हवाच. पण मांडी किंवा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असं मोठं क्षेत्र उत्तेजित करायचं असेल, तर मोठी गोल कॉइल कमी ऊर्जेत तेच काम करते, कारण मोठ्या कॉइलचं क्षेत्र खोलीबरोबर हळू उतरतं.

फिजिओथेरपिस्टांसाठी एक गोष्ट. लांब, सरळ नस उत्तेजित होते ती विद्युत क्षेत्र नसेच्या दिशेत जिथे झपाट्याने बदलतं तिथे. क्षेत्र सर्वांत जास्त असतं त्या जागी नव्हे. नस जिथे वळते किंवा संपते तिथे मात्र खुद्द क्षेत्रच कामाला येतं. कोपराजवळची अल्नर नस थोड्या ताकदीत प्रतिसाद देते आणि दंडाच्या मध्यावर तीच नस हट्ट धरते, त्याचं एक कारण हे. म्हणून कॉइल एका जागी धरून ताकद वाढवण्याआधी ती सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकवून, फिरवून बघा. हात हलवायला ऊर्जा फुकट आहे.

सर्वांत कमी ऊर्जेचा आकार गणिताने काढता येतो का, की अंदाजानेच करायचं?

काढता येतो, आणि या विषयातला आम्हाला सर्वांत आवडणारा भाग हाच. पद्धत एमआरआयच्या ग्रेडियंट कॉइलकडून आली. आधी तारेचा विचारच करायचा नाही. डोक्याभोवती किंवा हाताभोवती एक पृष्ठभाग कल्पायचा, त्याचे शेकडो बारीक त्रिकोण पाडायचे, आणि प्रत्येक ठिकाणी किती प्रवाह वाहावा हे अज्ञात धरायचं. मग अट घालायची : लक्ष्याच्या जागी विद्युत क्षेत्र इतकं हवं, ठरलेल्या परिघाबाहेर ते अमुक टक्क्यांच्या वर नको, आणि हे सांभाळून चुंबकीय ऊर्जा कमीत कमी हवी. हे गणित अशा जातीचं आहे की त्यात खोट्या तळाशी अडकायची भीती नसते. सापडलेलं उत्तर खरोखरच सर्वांत कमी ऊर्जेचं असतं. मग त्या प्रवाहाच्या समोच्च रेषा काढायच्या, नकाशावर डोंगराच्या काढतात तशाच. त्या रेषा म्हणजे तारेचा मार्ग.

फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या कोपोनेन, निएमिनेन आणि इल्मोनिएमी यांनी २०१५ साली या पद्धतीने मेंदूसाठीच्या कॉइल मांडल्या. उत्तर आठच्या आकड्यासारखंच दिसतं, पण वळसे मध्यभागी दाट, आणि बाहेरच्या बाजूला पंखांसारखे दूरवर पसरलेले. पृष्ठभाग डोक्याच्या गोलाईला धरून वाकवला की बचत आणखी वाढते, कारण सपाट कॉइलचे पंख डोक्यापासून दूर हवेत राहतात आणि तिथली ऊर्जा नुसतीच साठते. नेमकेपणाची अट थोडी ढिली केली की कॉइल मोठी होते आणि ऊर्जा उतरते. किती नेमकं हवं हे डॉक्टरांनी सांगायचं, किती ऊर्जा लागेल हे गणित सांगेल.

विद्यार्थ्यांना हे लॅपटॉपवर करता येतं. गोल कॉइलचा पहिला अंदाज घ्यायला ‘फेम’ हे सॉफ्टवेअर पुरतं. डोक्याच्या खऱ्या आकाराचं विद्युत क्षेत्र पाहायला ‘सिमनिब्स’ आहे. दोन्ही फुकट मिळतात.

एकच कॉइल खोलवरही पोचेल आणि नेमकीही लागेल, अशी बनेल का?

नाही. क्षेत्र नेहमी पृष्ठभागाजवळ जास्त आणि आत कमी असतं, आणि जितकं खोल जावं तितकं ते पसरतं. कोणी असा दावा केला तर त्याच्याकडे मोजमाप मागा.

झटका छोटा केला तर?

इथे खरी बचत आहे आणि तिची किंमतही आहे. नस पेटायला लागणारं क्षेत्र झटक्याच्या काळावर अवलंबून असतं : काळ कमी केला की क्षेत्र जास्त लागतं. पण कॉइलमधला प्रवाह म्हणजे क्षेत्र गुणिले काळ. चौकोनी झटक्यासाठी हिशेब केला तर लागणारी ऊर्जा ‘काळ अधिक नसेचा क्रोनॅक्सी’ (नस किती चटकन प्रतिसाद देते ते सांगणारा काळ) या बेरजेच्या वर्गाच्या प्रमाणात येते. क्रोनॅक्सी १५० मायक्रोसेकंद धरू. झटका १५० मायक्रोसेकंदांचा असेल तर बेरीज ३००. झटका ५० चा केला तर बेरीज २००. वर्गांचं गुणोत्तर नऊला चार. म्हणजे निम्म्याहून कमी ऊर्जेत तीच नस पेटली.

किंमत व्होल्टेजमध्ये मोजावी लागते : ते दुप्पट होतं. मग दुप्पट ताकदीचं इन्सुलेशन, दुप्पट व्होल्टेज सोसणारे स्विच. जुनी यंत्रं थायरिस्टर या स्विचवर चालतात, त्यात लहरीचा आकार कॉइल आणि कपॅसिटरच ठरवतात. आयजीबीटी (हवं तेव्हा बंद करता येणारे स्विच) वापरले की झटका मध्येच थांबवता येतो, आकार देता येतो. खाऱ्या दमट हवेत दुप्पट व्होल्टेज सांभाळणं किती जिकिरीचं आहे हे पाहता, आम्ही किनाऱ्यावरच्या यंत्रासाठी मधला मार्ग सुचवतो : झटका थोडा आखूड, फार नाही.

मधे लोखंडी गाभा घातला तर?

ऊर्जा नक्कीच वाचते, कारण क्षेत्राचा मागचा अर्धा रस्ता लोखंडातून सहज जातो. असे गाभे बाजारातल्या यंत्रांत आहेतही. गाभा पातळ पत्र्यांचा किंवा तशाच थरांचा हवा, नाहीतर त्यातच भोवरी प्रवाह फिरून तो तापतो. सुमारे दोन टेस्लाला लोखंड संपृक्त होतं, त्यापुढे फायदा थांबतो. आणि वजन. हातात धरून मनगटाने फिरवायच्या कॉइलला गाभा घालू नका. स्टँडवर बसणाऱ्या किंवा खुर्चीत बसवलेल्या कॉइलला जरूर घाला.

आमचं रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंपाच्या मोटरची तार चालेल का?

चालेल असं वाटतं, पण त्यात ऊर्जा वाया जाते. आपल्या झटक्याची वारंवारता सुमारे ३३०० हर्ट्झ. त्या वारंवारतेला तांब्यात प्रवाह वरच्या साधारण १.१५ मिलिमीटरच्या थरातूनच वाहतो. पाच मिलिमीटर जाडीची भरीव तार घेतली तर तिचा गाभा नुसता वजनाला. शिवाय शेजारच्या वळशांचं क्षेत्र प्रवाहाला एका कडेला ढकलतं. म्हणून लिट्झ तार : शेकडो बारीक इनॅमलच्या तारा अशा पिळलेल्या की प्रत्येक तार आळीपाळीने आत-बाहेर येते. तिच्यात इनॅमल आणि फटींमुळे तांब्याचा वाटा कमी पडतो, त्यामुळे कुठल्याही लिट्झने फायदा होईलच असं नाही. काही ठिकाणी उभी गुंडाळलेली तांब्याची पट्टी जवळपास तितकंच काम देते आणि गुंडाळायला सोपी जाते.

तुमचं खरं कसब कामी येतं ते टोकाशी. मोटरच्या तारेचं इनॅमल तुम्ही पात्याने किंवा पॉलिश पेपरने खरवडता. लिट्झमध्ये पाचशे तारा खरवडता येत नाहीत. म्हणून पॉलियुरेथेन इनॅमलची लिट्झ घ्यायची, जे सोल्डरच्या उष्णतेनेच जळून जातं. वितळलेल्या सोल्डरच्या भांड्यात टोक बुडवून धरायचं, धूर थांबेपर्यंत. बाहेर काढल्यावर टोक आरपार कापून भिंगाखाली पाहा. मधल्या तारांभोवती काळं कडं दिसलं तर त्या जुळलेल्या नाहीत, आणि तेवढं तांबं फुकट गेलं.

लगकडेही (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड) तितकंच लक्ष द्या. आपल्या कॉइलचा सगळा रोध १० मिलिओहम. हिरवट गंज धरलेल्या एका लगने एक मिलिओहम वाढवला, तर सेकंदाला दहा झटक्यांच्या वेळी त्या एका बिंदूत साडेतेरा वॉट जळतात. कल्हई केलेले लग, नीट क्रिंप, वर हीट-श्रिंक. केबलच्या जाण्या-येण्याच्या तारा एकमेकींना चिकटून, पिळून न्या. त्यांच्यातल्या मोकळ्या जागेने एक मायक्रोहेन्री वाढला तर १६ मध्ये तो सहा टक्के, आणि रुग्णाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

कॉइल बांधण्यात कसूर नको. दोन टेस्लाच्या क्षेत्राचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सोळा किलोच्या आसपास असतो, आणि तो दर झटक्याला बसतो. सैल वळसा काही हजार झटक्यांत शेजारच्या वळशाचं इनॅमल घासून टाकतो.

तो ‘टक्’ आवाज कशाचा?

याच दाबाचा. वळसे क्षणभर ताणले जातात. आवाज कानाला इजा करण्याइतका मोठा असू शकतो, म्हणून रुग्णाने आणि यंत्र चालवणाऱ्यानेही इअर प्लग लावायचेच. कमी ऊर्जेची कॉइल कमी आवाज करते.

लाईट गेली तर इन्व्हर्टरवर चालेल का?

यंत्रात पूर्ण लहर असेल, म्हणजे प्रवाह परत फिरून कपॅसिटर पुन्हा भरत असेल, तर चालण्याची शक्यता बरीच आहे. ७२ जुलांपैकी कॉइल, केबल, स्विच धरून समजा ३० जूल गेले, तर सेकंदाला दहा झटक्यांना ३०० वॉट, तेही ३० पैकी चारच सेकंद. प्रवाह परत न फिरता विझतो अशा (मोनोफेजिक) यंत्रात सगळे ७२ जूल जळतात : ७२० वॉट. चांगल्या साइन-वेव्ह इन्व्हर्टरला पहिला आकडा सहज झेपतो. प्रवाह उपसला जातो तो तुकड्यातुकड्यांनी, म्हणून यंत्राच्या आत भरपूर साठा हवा.

इन्व्हर्टरपेक्षा अर्थिंगची काळजी आधी करा. जांभ्याच्या कातळावर, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, अर्थिंगचा रोध फार वाढतो. यंत्र बसवण्याआधी अर्थ टेस्टरने मोजून घ्या, आणि मोजणी उन्हाळ्यात करा. पावसाळ्यात घेतलेला आकडा दिलासा देतो, पण त्यावर विसंबता येत नाही. वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्शन लावा.

पावसाळ्यात यंत्राला काय जपावं लागतं?

उच्च व्होल्टेजच्या बोर्डावर मीठ आणि ओल बसली की पृष्ठभागावरून वीज सरपटते. बोर्डांवर कन्फॉर्मल कोटिंग (ओल रोखणारा पातळ लेप), खोक्यात सिलिका जेल, आणि यंत्र रोज थोडा वेळ चालू. महिनाभर बंद ठेवून एकदम पूर्ण ताकदीवर नेऊ नका. पंख्याने बाहेरची हवा थेट आत ओढणारं यंत्र समुद्राजवळ घेऊ नका. बंद नळीतून द्रव फिरवून थंड होणारी कॉइल इथे जास्त टिकते.

मी घरी किंवा कॉलेजात बनवू का?

पूर्ण ताकदीचं यंत्र अजिबात नको. हजार-दीड हजार व्होल्टला भरलेल्या अशा कपॅसिटरचा झटका जीव घेतो, प्लग काढल्यावरही. माणसावर वापरायचं यंत्र वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली येतं, आणि संशोधनासाठी नीतिसमितीची परवानगी लागते.

पण कॉइलचा अभ्यास करायला ती ताकद लागतच नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. लोखंडी गाभा नसेल तर क्षेत्र प्रवाहाच्या सरळ प्रमाणात असतं. एक अँपिअरला मोजा आणि ३००० ने गुणा. ऑडिओ अँप्लिफायर, ३३०० हर्ट्झची साइन लहर, मालिकेत चार ओहमचा जाड रोधक, आणि कॉइल. दहा मिलिमीटर व्यासाच्या पेनाच्या नळीवर बारीक तारेचे पन्नास वळसे गुंडाळून शोधक कॉइल करा. कॉइलच्या जवळ ती धरली की ऑसिलोस्कोपवर वीसेक मिलिव्होल्टची लहर दिसेल. आलेखाच्या कागदावर सेंटिमीटर-सेंटिमीटरने ती सरकवा, मग कागदाखाली दोन-दोन मिलिमीटरचे अॅक्रिलिकचे तुकडे ठेवत वर न्या. दुपारभरात कॉइलच्या क्षेत्राचा नकाशा हातात येतो. एलसीआर मीटरने इंडक्टन्स, चार तारांच्या पद्धतीने रोध. एवढ्या मोजमापांवरून दोन आकारांपैकी कोणता कमी ऊर्जेत काम करेल हे नक्की सांगता येतं.

कोणी यापासून लांब राहावं?

कानात कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूत क्लिप किंवा इलेक्ट्रोड, पेसमेकर, डोक्यात धातूचा तुकडा असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. यांतल्या बहुतेकांना डोक्यावरचा उपचार देत नाहीत. फिट येण्याचा इतिहास असेल तर तेही सांगा. उपचारात फिट येणं क्वचित घडतं, पण तोच यातला सर्वांत गंभीर धोका आहे. घड्याळ, मोबाइल, श्रवणयंत्र, एटीएम कार्ड खोलीबाहेर ठेवा. हे नियम यंत्र चालवणाऱ्यालाही लागू.

आमचं रुग्णालय यंत्र घेतंय. विक्रेत्याला काय विचारू?

कॉइलचा इंडक्टन्स आणि रोध विचारा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. शंभर टक्के ताकदीला किती जूल, आणि त्यातले किती परत मिळतात? खोलीचं तापमान ३५ अंश असताना तुमच्या नेहमीच्या उपचारक्रमात कॉइल किती झटक्यांनंतर थांबते, आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो? छोट्या थीटा बर्स्ट उपचारात तीन मिनिटांत ६०० झटके असतात. दिवसाला आठ-दहा रुग्ण लागोपाठ घ्यायचे तर कॉइल कधी थांबते हाच आकडा सगळं ठरवतो. कॉइल किती झटक्यांनंतर बदलावी लागते, आणि नवी किती रुपयांना?

मग प्रात्यक्षिक मागा, मे महिन्यातल्या दुपारी, एसी बंद करून. सलग दोन उपचार चालवायला सांगा आणि कॉइलच्या तळाला स्वतःचा थर्मामीटर लावून आकडा लिहून घ्या.